गव्हाण ते विहीर : श्रीपूर पट्ट्यातील स्वयंचलन

श्रीपूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले, साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेले गाव. महाळुंग आणि श्रीपूर यांची आता मिळून एकच नगरपंचायत आहे. कारखान्यात वापरायचा कंट्रोलर घरी आणून त्यावर काही चालवून पाहण्याचा छंद शहरात दिवे, पडदे आणि पाण्याची टाकी यांच्याभोवती फिरतो. ऊसपट्ट्यात मात्र त्याचे ठिकाण ठरलेले आहे : विहिरीवरची स्टार्टरची पेटी. तिथवर तो दोन वाटांनी पोहोचला. एक वाट कारखान्याच्या गव्हाणीपासून निघते, दुसरी विजेच्या वेळापत्रकातून.

पहिल्या वाटेची सुरुवात पाण्यापासून होते. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या कोरड्या माळरानात आले. १९३२ मध्ये सरकारने साखर धंद्याला आयातीपासून संरक्षण दिले. त्यानंतर देशभर साखर कारखाने झपाट्याने उभे राहिले आणि नीरेच्या खोऱ्यातही त्यांची रांगच लागली : सासवडच्या माळी बागायतदारांचा माळीनगरचा कारखाना, वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर आणि श्रीपूरची बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट. चंद्रशेखर आगाशे यांनी ही सिंडिकेट १९३४ मध्ये स्थापन केली. मोठा भांडवलदार पाठीशी नसल्याने त्यांनी गावोगाव हिंडून लहान लहान भागधारकांकडून पैसा उभा केला. पुढे ऊसपट्ट्यात सहकार आला तेव्हा भाग भांडवल गोळा करण्याची ही पद्धत कुणाला नवी वाटली नसावी. आज श्रीपुरात उसाचे गाळप पांडुरंग सहकारी साखर कारखाना करतो.

अशा ठिकाणी साखर कारखाना म्हणजे यंत्रांची शाळाच असते. बॉयलर, टर्बाइन, पंप, क्रेन, कन्व्हेयर, जनित्र आणि प्रयोगशाळा एकाच आवारात. शेतकऱ्याच्या घरातला एखादा मुलगा फिटर, वायरमन किंवा टर्नर म्हणून तिथे लागला की यंत्राची भाषा त्या घरात शिरे. त्यात या धंद्याचा हंगामी स्वभाव मिसळला. बॉयलरचे अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी, मग चार-पाच महिने तीन पाळ्यांत अखंड गाळप. आणि हंगाम संपून पट्टा पडला की उरलेले वर्ष उघडून, साफ करून, दुरुस्त करून पुन्हा जोडणे. हंगामी कामगाराला बंद काळात रिटेन्शन भत्ता मिळतो आणि हातात वेळ असतो. हातात कसब, खिशात बेताचा पैसा आणि पुढे मोकळे महिने हे तिन्ही एकत्र आले की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काही ना काही जुळू लागते. ऊसपट्ट्यातल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांची आणि पॅनल बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपांची मुळे बऱ्याच अंशी इथे आहेत.

सुरुवातीच्या कारखान्यात स्वयंचलन जवळजवळ नव्हतेच. वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर असे आणि टाकीला फ्लोट. बाकी सगळा कारभार माणसाच्या डोळ्यावर आणि हातावर चाले. रसात चुना आणि गंधकाचा धूर किती सोडायचा, ते निर्देशक कागदाचा रंग पाहून ठरे. रसाचा सामू सातच्या आसपास राखायचा असतो. तो घसरला तर साखरेचे विघटन होऊन ती वाया जाते, चढला तर रस काळवंडतो. पॅनमन हा तर कारखान्यातला मानकरी. निर्वात पॅनमधला पाक तो काचेच्या पट्टीवर घेऊन उजेडात धरी, अंगठा आणि तर्जनीमध्ये त्याची तार ओढून पाही आणि दाणा धरला की नाही ते सांगे. हे कसब यंत्राला शिकवणे शेवटपर्यंत अवघड गेले आणि आजही पुरते जमलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

यंत्राने आधी ताबा घेतला तो सेंट्रिफ्यूगलचा. साखरेचे दाणे आणि मळी यांचे दाट मिश्रण जाळीच्या टोपलीत घालून वेगाने फिरवायचे, म्हणजे मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि दाणे आत राहतात. काम सोपे, पण त्याच्या पायऱ्या काटेकोर. टोपली मंद गतीवर आणायची, झडप उघडून माल घ्यायचा, ठराविक थर झाला की झडप बंद. मग वेग हजार फेऱ्यांच्या पुढे न्यायचा, काही सेकंद गरम पाण्याचा फवारा, मग वाफ. नंतर ब्रेक लावून वेग अगदी खाली आणायचा, खालचे झाकण उघडायचे आणि नांगर आत सरकवून साखर खरवडून काढायची. पुन्हा पहिल्यापासून. हे सारे सुमारे तीन मिनिटांत होते, म्हणजे तासाला वीसेक फेरे आणि तेही दिवसरात्र. एक पायरी चुकली, उदाहरणार्थ टोपली जोरात फिरत असताना नांगर आत गेला, तर यंत्राचे तुकडे होतात. म्हणून प्रत्येक पायरीला अट जोडावी लागते : वेग उतरल्याची खूण मिळाल्याशिवाय नांगराला परवानगी नाही. तांत्रिक भाषेत हेच इंटरलॉक. आधी ही साखळी रिले, टायमर आणि फिरत्या कॅमवर चालवली जाई. एका यंत्राच्या कपाटात डझनावारी रिले आणि तारांचा गुंता असे, आणि एखाद्या रिलेच्या संपर्कावर धूळ बसली की कारण शोधण्यात अर्धी पाळी जाई.

नेमक्या अशाच कपाटांना अमेरिकेतले मोटार कारखानेही कंटाळले होते. मोटारीचे मॉडेल बदलले की रिलेच्या हजारो जोडण्या उपसून नव्याने कराव्या लागत. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने यावर उपाय मागितला. डिक मॉर्ले यांनी १ जानेवारी १९६८ रोजी त्याचा आराखडा लिहून काढला, असे ते स्वतः सांगत. त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव मॉडिकॉन ०८४. पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर हे नाव पुढे रूढ झाले. जुळणी तारेने न करता स्मृतीत लिहायची, हा त्याचा गाभा. पण त्याचा प्रसार झाला तो दुसऱ्याच एका शहाणपणामुळे. प्रोग्रॅम लिहायला संगणकाची भाषा न वापरता रिलेच्या जोडणीचे चित्रच वापरले : डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक, आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी. हीच लॅडर पद्धत. जो वायरमन पॅनलचे ड्रॉइंग वाचू शकतो त्याला पीएलसीचा प्रोग्रॅमही वाचता येतो. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला संगणक अभियंत्याच्या बरोबरीने बसवणारी दुसरी युक्ती औद्योगिक इतिहासात सहसा सापडत नाही.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत सीमेन्स, ॲलन-ब्रॅडली, मित्सुबिशी यांनी आपापले कंट्रोलर काढले. भारतात ते परवान्यावर आयात होत आणि किमतीमुळे मोठ्या कारखान्यांपुरतेच राहत. पुण्याच्या मेसंग कंपनीने ऐंशीच्या दशकात देशी पीएलसी बनवायला घेतले. १९९१ नंतर आयातीची बंधने सैल झाली, १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने पीएलसीच्या पाच भाषा ठरवून दिल्या, आणि १९९६ मध्ये सीमेन्सने ‘लोगो!’ हा तळहातावर मावणारा कंट्रोलर आणला. त्याला लहानसा पडदा आणि बटणे होती; संगणक नसला तरी जागच्या जागी जुळणी करता येई. घरगुती वापराचे दार खऱ्या अर्थाने या वर्गाच्या कंट्रोलरनी उघडले.

साखर कारखान्यांत याच सुमारास सेंट्रिफ्यूगलची रिलेची कपाटे जाऊन पीएलसी आले. मग गव्हाणीतून मिलकडे जाणाऱ्या उसाची गती, रसाचा सामू, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी हे एकेक त्यांच्या ताब्यात गेले. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज तयार करून ती ग्रीडला विकण्याचे सहवीज प्रकल्प आल्यावर तर नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसून सारा बॉयलर चालवणारी पिढी तयार झाली. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पुण्याची डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन यांच्या परिषदांत ऊस आणि साखरेबरोबर उपकरणशास्त्रावरही निबंध वाचले जाऊ लागले. कारखान्यातल्या वायरमनला आता लॅडर येऊ लागली होती. ती घरी कशाला वापरायची, याचे उत्तर विहिरीवर आधीपासून तयार होते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. साठच्या दशकात कोयनेची वीज आली, आणि तेलाच्या इंजिनांची जागा पाच-साडेसात अश्वशक्तीच्या विजेच्या मोटरी घेऊ लागल्या. मोटरीबरोबर आला स्टार्टर. लार्सन अँड टुब्रोचा एमके-वन स्टार्टर इतका पसरला की लोखंडी पेटी, एक हिरवे आणि एक लाल बटण ही विहिरीची ओळखच होऊन बसली. वर्णन करताना ही पेटी क्षुल्लक वाटते, पण पुढची सगळी हकिकत तिच्यात आहे, म्हणून ती उघडून पाहणे भाग आहे.

हिरवे बटण दाबले की आतल्या कॉइलला वीज मिळते. कॉइल लोखंडी पट्टी ओढते आणि तीन फेजचे तीन संपर्क जुळून मोटर फिरू लागते. त्याच पट्टीवर एक चौथा, लहान संपर्क असतो. तोही जुळतो आणि हिरव्या बटणाला समांतर वाट करून देतो. म्हणून बटण सोडले तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. लाल बटण ही वाट तोडते. ओव्हरलोड रिलेही तीच वाट तोडतो. आणि वीज गेली तरी वाट आपोआप तुटते. वीज परत आली तरी मोटर सुरू होत नाही, पुन्हा हिरवे बटण दाबावे लागते. या शेवटच्या गुणामागे कारखान्यातला अनुभव आहे. वीज गेली असताना कामगार यंत्रात हात घालतो; ती अचानक परत येऊन यंत्र फिरले तर हात जातो. त्यामुळे वीज परतल्यावर माणसाने येऊन, पाहून, मगच बटण दाबावे अशी ती सक्ती.

कारखान्यात वीज क्वचित जाते आणि बटण दहा पावलांवर असते. शेतात दोन्ही उलटे. विहीर वस्तीपासून किलोमीटर-दीड किलोमीटर, आणि वीज दिवसातून चार वेळा जाणार. दोन हजारच्या दशकात भारनियमन तीव्र झाले. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. गावठाणाचे फीडर वेगळे काढले गेले आणि शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आठवड्याच्या पाळीने, असे चक्र बसले. रात्रपाळीच्या आठवड्यात कांबळे पांघरून, बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, बटण दाबायचे, उसात दारे धरायची. अर्ध्या तासाने वीज गेली की बांधावर बसून तिची वाट पाहायची. विंचूकाट्याची भीती जुनीच. डिसेंबर २०२० मध्ये जिल्ह्यातल्याच करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली, तेव्हा रात्रीची वीज हा राजकीय प्रश्नही झाला.

या अडचणीतून ‘ऑटो स्वीच’ जन्मला. स्टार्टरच्या पेटीवर बसवायची एक छोटी डबी. तिन्ही फेज आल्या आहेत का ते ती पाहते आणि आल्या असल्या की हिरव्या बटणाच्या जागी स्वतः क्षणभर संपर्क देते. काहींत टायमर असतो, काहींत नाही. शेतीला मीटर न लावता अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकारणी होती, त्यामुळे मोटर चार तास जास्त चालली तरी बिलात फरक पडत नसे; ऑटो स्वीचला रोखणारे आर्थिक कारणच नव्हते. तालुक्याच्या बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ही डबी मिळू लागली आणि रिवाइंडिंगवाले तिची दुरुस्ती करू लागले. ऊसपट्ट्यातले पहिले लोकप्रिय स्वयंचलन ते हेच. या डबीत प्रोग्रॅम नाही की मायक्रोप्रोसेसर नाही, म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात तिला कुणी जागा देत नाही; ही गफलतच आहे. प्रश्न खरा, उपाय स्वस्त आणि वापरणारा हजारोंच्या संख्येने, असे साधन विरळा.

तिचा दोषही तितकाच मोठा. मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या सहा पट किंवा अधिक विद्युतप्रवाह खेचते. १०० केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर, पाच अश्वशक्तीच्या पंधरा मोटरी आहेत असे धरू. चालू असताना प्रत्येकीला सुमारे साडेसात अँपियर लागतात, म्हणजे एकूण एकशेबारा-तेरा. डीपीची क्षमता एकशेतेहतीसच्या घरात, म्हणजे गाडी चालते. पण वीज आल्याच्या क्षणी पंधराही ऑटो स्वीचांनी एकदम बटण दाबले तर मागणी पावणेसातशेच्या घरात जाते. व्होल्टेज कोसळते, मोटरी उचलत नाहीत, गुरगुरत राहतात, आणि फ्यूज तरी उडतो नाहीतर डीपी जळते. जळालेली डीपी ऐन उन्हाळ्यात बदलून मिळेपर्यंत पंधराही शेतकऱ्यांचे पीक ताणावर. म्हणून ऑटो स्वीच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आले आहे. आवाहनाने फारसे काही हलत नाही, कारण जो आधी काढतो तो आधी पाण्यावाचून राहतो.

हा पेच सुटतो तो उशिराने. प्रत्येक पेटीत वेगळ्या अवधीचा टायमर असेल, कुणाचा दोन मिनिटांचा, कुणाचा पाच, कुणाचा नऊ, तर मोटरी एकामागून एक उचलतात आणि डीपीला धक्का बसत नाही. ही युक्ती कारखान्यातलीच. तिथे वीज परतल्यावर मोठ्या मोटरी ठरलेल्या क्रमानेच सुरू होतात. विहिरीवर तिचे अवघड अंग यंत्राचे नसून माणसांचे आहे : नऊ मिनिटे कुणी थांबायचे? सामाईक विहिरीवर भावाभावांत पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणे ज्याला माहीत आहेत, त्याला याचे उत्तर लॅडरमध्ये शोधावेसे वाटणार नाही.

भारनियमनाच्या काळातली दुसरी घरगुती करामत म्हणजे दोन फेजवर मोटर चालवणे. थ्री फेज नसताना घरातले दिवे चालावेत म्हणून सिंगल फेज चालू ठेवत. त्यावर कपॅसिटर जोडून तिसऱ्या फेजची नक्कल करत आणि मोटर चालवत. मोटरी तापून जळत, डीपीवर असमान भार येई. यातून सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि विहीर कोरडी पडल्यावर मोटर बंद करणारा ड्राय रन रिले ही संरक्षणे पेटीत आली. एक पेटी, तिच्यात चार-पाच वेगवेगळ्या डब्या आणि त्यांना जोडणाऱ्या तारांची जाळी : म्हणजे सेंट्रिफ्यूगलच्या जुन्या रिले कपाटाची छोटी आवृत्तीच विहिरीवर तयार झाली.

तिच्यात मोबाइलची भर पडली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे साधन विकसित केले. स्टार्टरला जोडलेल्या मोबाइलवर फोन करून आकडे दाबायचे, म्हणजे मोटर सुरू किंवा बंद होते, आणि वीज आहे की नाही तेही कळते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. पुढे ‘मोबाइल स्टार्टर’ या नावाने अनेक उत्पादकांच्या डब्या बाजारात आल्या. ऑटो स्वीचपेक्षा यात एक सुधारणा निश्चित होती : मोटर कधी सुरू करायची हा निर्णय पुन्हा माणसाच्या हाती आला, फक्त माणूस विहिरीवर असण्याची गरज उरली नाही.

पीएलसी घरी आणण्याची पाळी इथे येते. पेटीतल्या पाच डब्यांचे काम एक लहान कंट्रोलर करू शकतो, आणि अट बदलायची झाली तर तार न हलवता बदलता येते. मिळण्याच्या वाटा दोन. नवीन घ्यायचा तर डेल्टासारख्या कंपनीचा छोटा कंट्रोलर काही हजार रुपयांत येतो आणि त्याचे सॉफ्टवेअर फुकट उतरवता येते. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेच्या धर्तीवर चीनमध्ये बनणारे उघडे बोर्ड त्याहून स्वस्त. जुना घ्यायचा तर कारखान्यांचे पॅनल बदलले जातात तेव्हा काढलेले कंट्रोलर भंगारात येतात आणि पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत पोहोचतात. टर्मिनल, कॉन्टॅक्टर आणि २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय यांसाठी पुण्याचीच तपकीर गल्ली आहे. जुन्या कंट्रोलरची एक खोड जाणत्याला माहीत असते. कित्येकांचा प्रोग्रॅम बॅटरीच्या आधाराने स्मृतीत टिकतो. बॅटरी संपली की तो पुसला जातो. प्रोग्रॅम पुसला गेला तरी छंदिष्टाचे काही बिघडत नाही, त्याला नवीनच लिहायचा असतो. खरी अडचण केबलची. जुन्या मॉडेलची प्रोग्रॅमिंग केबल शोधताना कधी कंट्रोलरपेक्षा जास्त पैसे पडतात.

अर्डुइनो हा बोर्ड इटलीत २००५ मध्ये तयार झाला आणि आज कुठल्याही पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याकडे तो असतो. तो पीएलसीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, मग विहिरीवर तो का चालत नाही? टेबलावर चालतो. पेटीत अडतो. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना जो विजेचा झटका उसळतो त्याने पाच व्होल्टवरचा बोर्ड भांबावतो, अडकतो आणि मोटर आहे त्या अवस्थेत सोडून देतो. औद्योगिक कंट्रोलरच्या इनपुटला २४ व्होल्ट लागतात आणि आत प्रकाशाच्या साहाय्याने विलग केलेला टप्पा असतो, त्यामुळे लहानसहान गोंगाट आत शिरत नाही. प्रोग्रॅम अडकला तर वॉचडॉग, म्हणजे आतला पहारेकरी टायमर, सर्व आउटपुट बंद करतो. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीतली भट्टी आणि श्रावणातली ओल असा कंट्रोलर निभावतो. संगणक जाणणारा छंदिष्ट अर्डुइनोकडे वळतो आणि कारखान्यात काम केलेला पीएलसीकडे. दुसऱ्याने बिघाडाच्या रात्री पाहिलेल्या असतात.

विहिरीतून शेततळ्यात आणि शेततळ्यातून ठिबकला, ही आता ऊसपट्ट्यातली सर्वसाधारण रचना. तिची लॅडर पाच-सहा ओळींत मावते. पहिली ओळ परवानगीची : तिन्ही फेज ठीक, ओव्हरलोड सुटलेला नाही, विहिरीत किमान पाणी आहे आणि निवडीचा खटका ‘ऑटो’वर आहे. हे चारही संपर्क एकापुढे एक. दुसरी ओळ या परवानगीने टायमर चालवते. पाच मिनिटे परवानगी अखंड टिकली तरच पुढे. तिसरी ओळ म्हणजे स्टार्टरचीच जुनी आकृती : टायमर पुरा झाला आणि तळे भरलेले नाही, तर पंप सुरू, आणि पंपाचाच संपर्क त्याला धरून ठेवतो. चौथी ओळ उन्हाळ्याची. विहीर उपसली की लगेच पुन्हा मोटर लावण्यात अर्थ नसतो, झरे भरायला वेळ द्यावा लागतो. म्हणून खालचा इलेक्ट्रोड कोरडा पडला की दोन तासांची विश्रांती मोजणारा टायमर. पाचवी ओळ मोटर किती तास चालली ते मोजते, आणि ही मोजणी वीज गेली तरी पुसली जाऊ नये म्हणून टिकाऊ स्मृतीत ठेवतात. ठोक आकारणीच्या काळात न विचारला गेलेला प्रश्न, म्हणजे उसाला नक्की किती पाणी दिले, त्याचे उत्तर या एका ओळीत मिळू लागते.

प्रोग्रॅम लिहून झाल्यावर खरे काम सुरू होते. पाण्यातल्या इलेक्ट्रोडला एकदिश विद्युतप्रवाह दिला तर एक टोक महिन्या-दोन महिन्यांत खाऊन जाते, म्हणून पातळीचे रिले उलटसुलट प्रवाहावर चालवतात. नवख्याला हे पहिला इलेक्ट्रोड कुजल्यावरच कळते. अर्थिंग वाळलेल्या जमिनीत असून नसल्यासारखे होते. वळवाची पहिली वीज लांब तारांवरून इनपुटपर्यंत येते. पेटीत ऊब असल्याने पाली शिरतात, आणि कॉन्टॅक्टरच्या दोन फेजांमध्ये अडकलेली पाल अख्खे पॅनल जाळू शकते. केबल जिथून आत येते ते भोक बंद करणारी ग्लँड काही रुपयांना मिळते आणि बहुतेक घरगुती पॅनलांत नेमकी तीच नसते.

सुरक्षेचा मुद्दा मात्र रुपयांत मोजण्यासारखा नाही. आपोआप सुरू होणारी मोटर दुरुस्तीच्या वेळी माणूस मारू शकते. फुटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलेल्याला पाच मिनिटांचा टायमर वर काय मोजत आहे हे दिसत नाही. म्हणून लाल बटण आणि मुख्य स्वीच प्रोग्रॅममधून न नेता थेट तारेने कॉइलच्या वाटेत घालायचे, आणि खाली उतरण्याआधी मुख्य स्वीच पाडून त्याला कुलूप लावायचे, हा कारखान्यातला दंडक घरीही तसाच लागू पडतो. कंट्रोलर भंगारातून घरी येतो, पण हा दंडक त्याच्याबरोबर येतोच असे नाही. छंदातल्या बहुतेक त्रुटी बुद्धीच्या नसून शिस्तीच्या असतात, आणि त्या झाकण्याची सोय यंत्रात नाही.

गेल्या काही वर्षांत विहिरीवरची पेटी पुन्हा बदलू लागली आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबक आले की झडपांची पाळी, गाळणीची धुलाई आणि विद्राव्य खताची मात्रा आली. सेंट्रिफ्यूगलसारखेच हे क्रमाने चालणारे काम असल्याने कंट्रोलरला ते मुळातच साजते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने तर जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे जोडून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सल्ल्याने ऊस घेण्याचे प्रयोग हाती घेतले आहेत. दुसरीकडे सौर पंप पसरत आहेत. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेखाली ते दिले जातात. सौर पंपाला स्टार्टर नसतो. सूर्य वर आला की त्याचा कंट्रोलर पॅनेलमधून मिळेल तितक्या शक्तीने मोटर हळूहळू फिरवू लागतो आणि ढग आला की मंदावतो. त्यामुळे सुरुवातीचा सहा पट धक्का नाही, डीपी नाही आणि रात्रपाळीही नाही. मात्र ही पेटी सीलबंद येते. पाच वर्षे तिची देखभाल पुरवठादाराकडे असते आणि आतल्या प्रोग्रॅमला हात लावण्याची सोय ठेवलेली नसते. घरी कंट्रोलर जोडणाऱ्याला म्हणून तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूला काम शोधावे लागते : अलीकडे विहिरीची पातळी, पलीकडे ठिबकच्या झडपा, आणि मध्ये सौर कंट्रोलरने पंप चालू-बंद करण्यासाठी बाहेर ठेवलेले दोन टर्मिनल.